दहा वॅटचं गणित : नवा स्विच किती ताकदवान असेल?

स्विच २ बाजारात यायच्या आधी, एका शुक्रवारी रात्री शारजाहून ताई आणि भाचा जेवायला आले होते. भाच्याचं वय तेरा. ताट समोर यायच्या आधीच त्याने विचारलं, "मामा, स्विच २ पीएस५ एवढा पॉवरफुल असेल का?" ताईचा प्रश्न वेगळा होता : एवढे पैसे घालायचे का? अमेरिकेत जाहीर झालेली किंमत ४५० डॉलर, म्हणजे साधारण १६५० दिरहम.

निन्टेन्डोचा स्विच २ पुढे ५ जून २०२५ ला बाजारात आला; हा हिशोब त्याआधीचा. हातात धरून खेळा, नाहीतर डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर खेळा, असा हा हायब्रिड कन्सोल. कंपनीने स्क्रीन, बॅटरी, मेमरी सगळं सांगितलं, पण चिप किती वेगाने चालेल ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे यूट्यूबवर अंदाजांचा पूर आला होता. आपणही एक अंदाज करू, पण अफवांवरून नको, बॅटरीवरून करू.

आधी जुन्या स्विचचा हिशोब

२०१७ च्या स्विचमध्ये १६ वॅट-तासांची बॅटरी होती आणि जड गेम खेळताना ती जेमतेम अडीच तास टिकायची. १६ भागिले २.५ म्हणजे ६.४. स्क्रीन, वायफाय, पंखा, चिप असं सगळं मिळून मशीन फक्त साडेसहा वॅटवर चालत होतं. घरातला एलईडी बल्बसुद्धा यापेक्षा जास्त खातो! पीएस५ जड गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास घेतो. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

२०१९ मध्ये तोच स्विच, तीच बॅटरी, पण किमान वेळ साडेचार तासांवर गेली. कारण टेग्रा एक्स१ ही चिप २० नॅनोमीटरऐवजी १६ नॅनोमीटर तंत्राने बनू लागली. १६ भागिले ४.५ म्हणजे सुमारे ३.६ वॅट. गेम तेच, वीज जवळपास निम्मी.

आता नवा

स्विच २ ची बॅटरी ५२२० मिलिअँपिअर-तासांची आहे. लिथियम सेलचा सरासरी दाब ३.७ ते ३.८ व्होल्ट धरला तर साधारण २० वॅट-तास होतात. कंपनी म्हणते, बॅटरी २ ते ६.५ तास चालेल. २० भागिले २ म्हणजे दहा वॅट! एवढ्यात ७.९ इंचांची, १२० हर्ट्झची स्क्रीनही चालवायची आहे. चिपच्या वाट्याला फार तर सहा-सात वॅट येतील, असा माझा अंदाज.

एवढ्या विजेत काय जमतं? चिपमधली अब्जावधी ट्रान्झिस्टर दर टिचकीला विद्युतभार भरतात आणि रिकामा करतात. त्याला लागणारी वीज ही वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग, या प्रमाणात असते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून वेग दुप्पट केला की खर्च ढोबळमानाने आठपटीपर्यंत जातो. गाभे दुप्पट केले, तर मात्र तो दुप्पटच होतो. पंगतीत एका वाढप्याला पळवत ठेवण्यापेक्षा चार वाढपी सावकाश फिरवलेले बरे, तसंच हे.

म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या चिपमध्ये गाभे पुष्कळ आणि वेग कमी असतो. २०२२ मध्ये एन्व्हिडियाकडून चोरीला गेलेल्या माहितीत टी२३९ नावाच्या चिपचा उल्लेख होता, त्यात ग्राफिक्सचे १५३६ गाभे होते. जुन्या स्विचमध्ये २५६ होते. हीच चिप असेल आणि हातात ती ५०० ते ६०० मेगाहर्ट्झने चालेल असं मानू. प्रत्येक गाभा एका टिचकीत दोन क्रिया करतो, म्हणजे साधारण १.५ ते १.८ टेराफ्लॉप. जुना स्विच हातात ०.१६ च्या आसपास होता. २०१३ चा पीएस४ १.८४ चा. वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिपचे टेराफ्लॉप एकास एक जुळत नाहीत, पण कागदावर तरी पीएस४ खिशात आला म्हणायचा. पीएस५ मात्र १०.२८ टेराफ्लॉपचा आहे, तो दूरच राहिला.

डॉकमध्ये काय बदलतं?

जुन्या स्विचमध्ये ग्राफिक्सचा मूळ वेग हातात ३०७ मेगाहर्ट्झ, तर डॉकमध्ये ७६८ होता. म्हणजे अडीचपट. कारण सोपं आहे : ७२०पी वरून १०८०पी वर गेलं की पिक्सेल सव्वादोनपट होतात. स्विच २ हातात १०८०पी आणि टीव्हीवर ४के पर्यंत जातो, म्हणजे पिक्सेल चौपट. वेग चौपट करणं या चिपला परवडणार नाही. डॉकमध्ये या वेळी पंखा दिलाय, तरी मला दुपटीच्या आसपासच वाटतो. उरलेली तफावत डीएलएसएस भरून काढेल : चित्र कमी पिक्सेलमध्ये काढायचं आणि प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कने ते मोठं करायचं. यासाठी लागणारे टेन्सर कोअर या चिपमध्ये आहेत, हे एन्व्हिडियाने सांगितलंय.

आणि आपला उन्हाळा

आत गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडायला हवा. किती उष्णता बाहेर जाईल, हे मशीन आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. मशीनचं अंग ४५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल, तर फरक २० चा. बाहेर ४० अंश असतील तर तो फक्त ५, म्हणजे तोच पंखा चौथा हिस्सा उष्णता बाहेर टाकेल. म्हणून तर २०२२ च्या उन्हाळ्यात निन्टेन्डोने जपानी ग्राहकांना स्विच ५ ते ३५ अंशांतच वापरा, असं बजावलं होतं.

फोन तापला की गुपचूप मंदावतो. कन्सोलला ती मुभा नाही, कारण गेम ओस्लोत आणि अबुधाबीत सारखाच चालला पाहिजे. त्यामुळे वेग ठरवतानाच ३५ अंशांचा विचार करावा लागतो. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे. तोच नियम कन्सोललाही लावा, आणि पार्किंगमधल्या गाडीत तर तो अजिबात ठेवू नका. लिथियम बॅटरी तिथे कायमची म्हातारी होते.

भाच्याला सांगितलं : पीएस५ नाही, पण दहा वॅटमध्ये एवढं म्हणजे कमाल आहे. ताईला सांगितलं : जुलैत मुंबईला जाताना विमानात तीन तास लागतात, जड गेम दोन तासांतच बॅटरी संपवेल, हे लक्षात ठेवा.  माझा अंदाज चुकला, तर कुठे चुकला ते इथेच लिहीन.