राखीव सैनिकाची सेवानोंद : चुका कशा शिरतात व कशा निघतात

पेण गांवाचें नांव निघालें म्हणजे गणपतीच्या मूर्ति डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तेथील कारखान्यांत सांच्याचें महत्त्व सर्वांत मोठें. सांच्यांत एका बोटाची कड तुटकी राहिली, तर त्यांतून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीचें तें बोट तुटकेंच निघतें. मग एकेक मूर्ति हातानें नीट करीत बसण्यापेक्षां सांचाच दुरुस्त करावा लागतो. सैनिकाच्या सेवानोंदीचेंही असेंच आहे. भरतीच्या दिवशीं जें लिहिलें गेलें, तेंच पुढें सेवामुक्तीच्या पुस्तकांत उतरतें, त्यावरून पेन्शनीच्या आज्ञापत्रांत जातें, आणि शेवटीं विधवेच्या कुटुंबपेन्शनींतही तेंच येऊन उभें राहतें. पहिल्या कागदावरील एक चुकीचें अक्षर चाळीस वर्षांनंतर एखाद्या घराचें मासिक उत्पन्न अडवून धरतें.

पेण-रोह्याच्या खारेपाटांतून व डोंगराकडच्या गांवांतून पिढ्यान्पिढ्या माणसें पलटणींत व आरमारांत गेलीं. कांहीं जण पुरी नोकरी करून पेन्शन घेऊन परतले. कांहींची नोकरी मात्र दोन भागांत वांटलेली होती : कांहीं वर्षें प्रत्यक्ष पलटणींत, निशाणाखालीं, आणि पुढील कांहीं वर्षें राखीव दलांत. राखीव सैनिक घरीं राही, भाताचें शेत करी किंवा मुंबईच्या गिरणींत लागे. परंतु सरकारचें बोलावणें येतांच गणवेष चढवून त्यास हजर व्हावें लागे. हिंदुस्थानांत या व्यवस्थेला कायद्याचें रूप १८८८ सालच्या राखीव सैन्याच्या कायद्यानें आलें. पलटणींतील वर्षें सर्वांना दिसत. राखीव दलांतील वर्षें कागदावरच असत. त्यामुळें कागद चुकला कीं तीं वर्षेंच नाहींशीं होत.

अशा सैनिकाच्या पेन्शनीचा नियम लष्कराच्या १९६१ सालच्या पेन्शन नियमावलींत, १५५ व्या कलमांत आहे. निशाणाखालील व राखीव अशी दोन्ही मिळून ग्राह्य सेवा पंधरा वर्षांहून कमी नसेल, तर राखीव सैनिकाची पेन्शन देतां येते. तिचें प्रमाण शिपायाच्या किमान पेन्शनीच्या दोन-तृतीयांश असें ठरविण्यांत आलें. पेन्शनीऐवजीं एकरकमी ग्रॅच्युइटी घेण्याचीही मुभा होती. मात्र ती निवड सेवामुक्तीच्या वेळींच करावयाची, आणि एकदां केली कीं ती कायमची. म्हणून घरांतील जुनीं कागदपत्रें काढलीं म्हणजे त्या सैनिकानें पेन्शन मागितली होती कीं रक्कम उचलली होती, हें प्रथम पाहावें. रक्कम उचलली असेल तर पुढील सारा खटाटोप बहुधा व्यर्थ जातो.

‘ग्राह्य’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. पंचांगाप्रमाणें पंधरा वर्षें भरलीं म्हणजे काम झालें असें नव्हे. परवानगीवांचून गैरहजेरी, फरारीपणा, तुरुंगवास किंवा लष्करी कैद यांत गेलेले दिवस पेन्शनीच्या हिशेबांतून वजा होतात. ही वजाबाकी बहुतेक वेळां न्याय्यच असते. परंतु एखाद्या वेळीं जे दिवस गैरहजेरीचे म्हणून लिहिले गेले, ते वास्तविक आजारपणाचे असतात, आणि खरा तंटा तेथेंच उद्भवतो.

समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घ्यावें. पेण तालुक्यांतील एक तरुण १० जानेवारी १९६३ रोजीं भरती झाला. आठ वर्षें पलटणींत व सात वर्षें राखीव दलांत, अशी त्याची मुदत ९ जानेवारी १९७८ रोजीं पुरी झाली. पंधरा वर्षें झालीं. तरी पेन्शन नाकारण्यांत आली, कारण नोंदींत २४० दिवस गैरहजेरी दाखविलेली. ते दिवस वजा जातां सेवा चौदा वर्षें व सुमारें चार महिने भरते; तूट आठ महिन्यांची. नियमावलीच्या १२५ व्या कलमान्वयें सक्षम अधिकाऱ्यास सहा महिन्यांपर्यंतची तूट माफ करण्याचा अधिकार होता. आठ महिने त्याच्या बाहेर पडतात. आतां असें समजावें कीं, हा जवान रजेवर घरीं आला असतां आजारी पडला व २४० पैकीं ९० दिवस सरकारी इस्पितळांत होता. परंतु ती खबर पलटणीस वेळेवर पोंचली नाहीं. इस्पितळाच्या दाखल्यावरून ते ९० दिवस आजारपणाची रजा म्हणून नियमित झाले, तर तूट १५० दिवसांवर येते, आणि प्रकरण माफीच्या कक्षेंत बसतें. म्हणजे सर्व २४० दिवस सिद्ध करण्याची गरज नाहीं. साठ-सत्तर दिवसांचा पक्का पुरावाही पुरेसा होतो. अर्ज लिहिण्यापूर्वीं हें गणित मांडावें. किती दिवस कमी पडतात हें ठाऊक असलें म्हणजे किती पुरावा शोधावयाचा हेंही कळतें.

ही माफीची मर्यादा १४ ऑगस्ट २००१ च्या आदेशानें एक वर्षापर्यंत वाढविण्यांत आली. परंतु जो सैनिक स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्त झाला, त्यास नियमावलीच्या त्या कलमाचा लाभ नाहीं. यास्तव सेवामुक्तीच्या कारणाचा रकाना बारकाईनें वाचावा. ‘मुदत संपल्यामुळें’ आणि ‘स्वतःच्या विनंतीवरून’ या दोन नोंदींत सबंध पेन्शनीचा फरक पडूं शकतो.

दिवसांच्या चुकांहून अधिक आढळतात त्या नांवांच्या व तारखांच्या चुका, आणि त्यांचीं मुळें पुष्कळदां महाराष्ट्राच्या चालीरीतींतच आहेत. लग्नांत वधूचें नांव बदलण्याची रीत घ्या. सैनिकानें पलटणींत पत्नीचें नांव कळविलें तें माहेरचें. शिधापत्रिकेवर व मतदारयादींत आलें तें सासरचें. नवऱ्याच्या हयातींत हा भेद कोणास खुपत नाहीं. तो वारल्यावर मात्र ती बाई कागदावर दोन बायका होऊन बसते, आणि आपण एकच आहों हें तिला सिद्ध करावें लागतें. जन्मतारखेचें तसेंच. ज्यांची तारीख घरांत कोणास ठाऊक नव्हती, अशा कितीतरी मुलांच्या नांवापुढें शाळेंत १ जून ही तारीख घालण्यांत आली; भरतीच्या अधिकाऱ्यानें चेहऱ्यावरून भलतेंच वय लिहिलें, आणि दोन्ही नोंदी आपापल्या जागीं कायम राहिल्या. जन्मतारीख उशिरां बदलून मागणें हें तर फारच अवघड. सरकारी नोकरानें अशी मागणी विहित मुदतींत व विलंब न लावतां केली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालच्या हरनाम सिंग प्रकरणांत स्पष्ट केलें आहे. जिल्ह्याच्या नांवाचाही घोंटाळा होतो. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्हा रायगड झाला. तत्पूर्वींच्या प्रत्येक सैनिकाच्या कागदावर ‘कुलाबा’ असणारच. ही चूक नव्हे. ती दुरुस्त करण्याच्या खटपटींत पडूं नये, केवळ नामांतराचा उल्लेख अर्जांत करावा.

प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा, प्रकार थोडा निराळा आहे. १९४८ च्या कायद्यानें ती उभी राहिली व ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं तिचें उद्घाटन केलें. तिच्यांतील शिपाई एरव्हीं आपला उद्योग करतो. सरकारनें प्रत्यक्ष सेवेंत बोलावून घेतलें म्हणजे तो काळ सेवेचा धरला जातो. शिपायास पेन्शनीसाठीं अशी पंधरा वर्षांची, तर अधिकाऱ्यास वीस वर्षांची प्रत्यक्ष सेवा लागते. ती तुकड्यातुकड्यांनीं झालेली असली तरी चालते. मात्र प्रत्येक तुकड्याची सुरुवात व शेवट पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्यें प्रसिद्ध झालेला असला पाहिजे. एक तुकडा नोंदवायचा राहिला कीं बेरीज चुकली.

आरमाराची हकीकत कोंकणास विशेष जवळची. जुन्या अटींप्रमाणें खलाशी दहा वर्षें प्रत्यक्ष सेवा करी व पुढें दहा वर्षें राखीव ताफ्यांत राही. ३ जुलै १९७६ च्या सरकारी धोरणानें राखीव ताफ्यांत पाठविणें बंद झालें. ज्यांचीं पहिलीं दहा वर्षें त्यानंतर संपलीं, ते ना पुरे पेन्शनर, ना राखीव, अशा स्थितींत घरीं आले. त्यांचा प्रश्न टी. एस. दास प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. २७ ऑक्टोबर २०१६ च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं, जे राखीव ताफ्यांत गेलेच नाहींत त्यांना राखीव सैनिकाची पेन्शन नाहीं; परंतु धोरण बदलल्यामुळें ज्यांची संधि गेली, ते आरमाराच्या १९६४ च्या पेन्शन नियमांतील ९५ व्या कलमाखालीं विशेष पेन्शनीस पात्र आहेत. मागणी रास्त असली तरी ती योग्य कलमाखालीं करावी लागते, हा या निकालाचा धडा आहे.

नोंदींचें हें दुखणें एकट्या आपल्या देशाचें नाहीं. अमेरिकेंत राखीव सैनिकाची सेवा गुणांवर मोजतात. वर्षाला पन्नास गुण झाले तरच तें वर्ष पेन्शनीस धरलें जातें, आणि अशीं वीस वर्षें लागतात. तेथें लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठीं स्वतंत्र मंडळें आहेत. त्याच देशांत १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील अभिलेखागारास आग लागून एक कोट साठ लाखांहून अधिक सैनिकांच्या फाइली जळाल्या. इंग्लंडांत पहिल्या महायुद्धांतील शिपायांच्या नोंदींचा मोठा भाग १९४० च्या बाँबवर्षावांत जळाला. अशा वेळीं पगाराच्या याद्या, इस्पितळाच्या वह्या, घरची पत्रें अशा आडवाटेच्या पुराव्यांवरून सेवा पुन्हा जुळवावी लागली.

आपल्याकडे आगीवांचूनही कागद जातात. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाचीं सेवापत्रें सेवामुक्तीनंतर पंचवीस वर्षें ठेवून पुढें नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. मागें उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे ठळक गोष्टींचें एक मोठें नोंदणीपुस्तक. त्यांत भरतीची व सेवामुक्तीची तारीख सांपडूं शकते. परंतु तो जवान ते ९० दिवस इस्पितळांत कां होता, हें तेथें सांपडणार नाहीं. त्यासाठीं घरच्या पेटींतील कागदच उपयोगीं पडतो.

दुरुस्तीचा क्रम सरळ आहे. पहिलें, घरांतील डिस्चार्ज बुक, पेन्शनीचें आज्ञापत्र, जुनीं पत्रें व दाखले एकत्र करून प्रत्येक रकाना दुसऱ्या कागदाशीं ताडून पाहावा. दुसरें, अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जावें. अर्ज कोणत्या नमुन्यांत करावा हें तेथें सांगतात व तो पुढें पाठविण्यास साहाय्यही करतात. तिसरें, अर्ज योग्य रेकॉर्ड ऑफिसकडे धाडावा : मराठा पायदळाचें बेळगांवीं, महार रेजिमेंटचें मध्य प्रदेशांत सागर येथें, व आरमारी खलाशांचें मुंबईस मानखुर्द येथें आहे. चौथें, नोंदींत काय आहे हेंच ठाऊक नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यान्वयें दहा रुपये शुल्क भरून नकला मागाव्यात. उत्तरास सामान्यतः तीस दिवसांची मुदत असते. नांवाच्या भेदासाठीं प्रतिज्ञापत्र लागतें, व पुष्कळदां वर्तमानपत्रांत जाहिरातही द्यावी लागते. रेकॉर्ड ऑफिसनें दुरुस्ती मान्य केली कीं प्रकरण पेन्शन मंजूर करणाऱ्या कचेरीकडे जातें, व ती सुधारित आज्ञापत्र काढते. त्यानंतर पेन्शनीच्या ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेंतील तपशीलही जुळतो कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

एका अर्जांत एकच चूक सांगावी, तिच्याजवळच तिचा पुरावा जोडावा, आणि पाठविल्याची पोंच जपून ठेवावी. रागानें लिहिलेला आठ पानांचा अर्ज बाजूस राहतो. तारखा, क्रमांक व मागणी असलेलें एक पान वाचलें जातें. नकार आल्यास २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जातां येतें; त्याचें खंडपीठ मुंबईंतही आहे. अंतिम नकारानंतर साधारणतः सहा महिन्यांत तेथें अर्ज करावा लागतो. पेन्शनीची हानि महिन्यामागून महिना चालू राहते, म्हणून उशिरां येणाऱ्यास दार सर्वस्वीं बंद होत नाहीं. परंतु १३ ऑगस्ट २००८ च्या तरसेम सिंग निकालान्वयें थकबाकी सामान्यतः दावा लावण्यापूर्वींच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. वीस वर्षें गप्प बसणाऱ्याची सतरा वर्षांची रक्कम अशा रीतीनें बुडते.

हीं सारीं कामें ज्यानें करावयाचीं, तो माणूस आज बहुधा ऐंशीच्या घरांत असतो. त्याची दृष्टि मंद झालेली, इंग्रजी अक्षर परकें, आणि ‘सरकारनें लिहिलें आहे तें बरोबरच असेल’ ही जुनी शिस्त अंगांत मुरलेली. त्याचीं मुलें-नातवंडें मुंबई-पुण्यास कचेऱ्यांत आहेत. रकाने भरणें, नकला काढणें, तारखा ताडणें हा त्यांचा रोजचा उद्योग. गणपतीस तीं पेणला किंवा रोह्याला येतातच. आरती आटोपल्यावर एका दुपारीं आजोबांची पत्र्याची पेटी उघडावी, डिस्चार्ज बुकांतील आजीचें नांव मोठ्यानें वाचावें, आणि तिला विचारावें कीं हें नांव तुझेंच ना? चूक असेल तर ती सांगावयास, आणि खालीं सही करावयास, आजोबा समोर बसलेले आहेत. हा साक्षीदार हयात आहे तोंवर अर्धें काम झालेलेंच असतें.