चौकोनी जगातली पहिली रात्र

ज्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल आणि एक मोबाईल आहे, त्या घराला ‘माइनक्राफ्ट’ हे नाव सांगावे लागत नाही. पण या खेळात नेमके आहे तरी काय, असे अम्मी-अब्बांना विचारा. बहुतेक घरांतून उत्तर येते, “काही तरी ठोकळे फोडत बसतो.” उत्तर चुकीचे नाही. ठोकळेच आहेत. झाड ठोकळ्यांचे, डोंगर ठोकळ्यांचे, सूर्यसुद्धा चौकोनी. गाड्यांची शर्यत नाही, गोळ्यांचा पाऊस नाही, अमुक गुण मिळवा अशी अट नाही. तरीही २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

शाळेत मधल्या सुट्टीत मुलांचे बोलणे कानावर पडते. “काल क्रीपरने माझे अर्धे घर उडवले,” असे एक मुलगा इतक्या गांभीर्याने सांगत होता, की विमा आहे का असे विचारावेसे वाटले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही ठरवले, की मुलांना याबद्दल चार शब्द ऐकवण्याआधी हा खेळ आपण खेळून पाहू. उस्ताद घरातच होती, सातवीतली आमची मुलगी.

खेळाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. स्वीडनमधल्या मार्कुस पेर्सोन या तरुणाने २००९ साली तो पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्याची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. वर ज्याचे नाव आले तो हिरवा, हात नसलेला, गुपचूप जवळ येऊन फुटणारा क्रीपर एका चुकीतून जन्मला. पेर्सोन डुक्कर बनवत होते, लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडले आणि समोर हे उभे विचित्र जनावर आले. त्यांनी ते तसेच ठेवून दिले.

आता आत शिरू. खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही एका माळावर किंवा जंगलात उभे असता. हात रिकामे. कोणी काही सांगत नाही. मुलीने सांगितले म्हणून आम्ही झाडावर मूठ मारत राहिलो आणि लाकडाचा एक ओंडका हाती आला. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. चार फळ्यांचे एक कामाचे टेबल. दोन फळ्यांच्या चार काठ्या. तीन फळ्या आणि दोन काठ्या जोडल्या, की कुदळ. या लाकडी कुदळीने दगड फोडायचा, दगडाची कुदळ करायची, तिने लोखंडाचे खनिज काढायचे, आठ दगडांची भट्टी रचून ते वितळवायचे. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूच्या खांद्यावर उभी. पाठ्यपुस्तकात आपण ज्याला पाषाणयुग आणि लोहयुग म्हणतो, ते इथे मूल एका दुपारी हाताने पार करते.

दुपार म्हणालो खरे, पण त्या जगातला अख्खा दिवस-रात्रीचा फेरा आपल्या २० मिनिटांचा. सूर्य कलू लागतो आणि पोटात गोळा येतो, कारण अंधारात झोंबी, सांगाडे आणि कोळी बाहेर पडतात. आमच्या पहिल्या रात्री आम्ही माळावर धावत सुटलो होतो. मुलगी ओरडली, “अम्मी, भागो मत! दीवार बनाओ, दीवार!” चारी बाजूंनी माती रचली, डोक्यावर एक ठोकळा ठेवला आणि त्या थडग्यासारख्या अंधारात सकाळची वाट पाहत उभे राहिलो. बाहेर कुणी तरी घुरघुरत होते. पन्नाशीकडे झुकलेली, मुला-मुलींच्या परीक्षेच्या वह्या तपासणारी माणसे आम्ही. पण छताला एक ठोकळा काढून पाहिला आणि उजेड दिसला, तेव्हा तोंडातून आपोआप ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघाले.

इथे आम्हाला या खेळाची खरी मेख सापडली. याच खेळात ‘क्रिएटिव्ह’ नावाची दुसरी पद्धत आहे. तिथे मरण नाही, भूक नाही, हवे तितके सोने-हिरे फुकट. मग मुले तिथेच का राहत नाहीत? राहतातही काही, आणि फार सुंदर इमारती बांधतात. पण मुलीला विचारले तर म्हणाली, “वहाँ का घर अपना नहीं लगता.” त्या पहिल्या मशालीचा हिशेब पाहा. एक काठी आणि एक कोळसा, त्याच्या चार मशाली. कोळशासाठी डोंगर पोखरावा लागला, डोंगरासाठी कुदळ, कुदळीसाठी झाड. भिंतीवर ती मशाल लावली, की त्या उजेडात आपला सगळा दिवस दिसतो. आणि हे जाऊही शकते. मेलात, तर जवळचे सगळे सामान जिथे पडलात तिथे विखुरते. पाच मिनिटांत गाठले नाही, तर नाहीसे. म्हणूनच मुलगा ताटावर बसूनही चुळबुळ करतो. आपल्याला वाटते खेळाचा नाद. त्याच्या डोळ्यांसमोर त्याची पोतडी कुठल्याशा गुहेत पडलेली असते.

ही गोडी काही आजची नाही. अंदलुसचे हकीम इब्न तुफैल यांनी बाराव्या शतकात ‘हय्य इब्न यक्झान’ ही कथा लिहिली. हिंदुस्थानच्या बाजूच्या एका निर्जन बेटावर एक बाळ, त्याला दूध पाजणारी हरिणी. मूल पानांनी अंग झाकते, मग पिसांनी. फांदी तोडून काठी करते, विस्तवाशी ओळख करून घेते आणि बघत बघत विश्वाच्या निर्मात्याचा विचार करण्यापर्यंत पोचते. १६७१ मध्ये तिचे लॅटिन भाषांतर झाले, १७०८ मध्ये थेट अरबीवरून इंग्रजी आले, आणि १७१९ मध्ये इंग्लंडात ‘रॉबिन्सन क्रूसो’ छापून निघाला. रिकाम्या हातांनी सुरुवात करणारा माणूस वाचकाला त्या काळापासून बांधून ठेवतो आहे. फरक इतकाच, की पुस्तकात हय्य काय करतो ते आपण वाचतो. इथे हय्य आपणच.

आणि आपल्या महाराष्ट्रात तर मुलांना हे कुणी शिकवायला नको. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीत माती कालवून किल्ले होतात. आमच्या लहानपणी शेजारच्या मुलांबरोबर आम्हीही बुरूज थापले आहेत, पायऱ्यांवर अळीव पेरून हिरवळ आणली आहे. किल्ला कुणी सांगितला म्हणून होत नसे, त्याला मार्क नसत, आणि पाऊस आला तर रडू येई. आता बिटको चौकापासून देवळाली गावापर्यंत चालत जा आणि माती कालवायला मोकळी जागा किती दिसते ते पाहा. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, कपाटाचा एक कप्पाही मुलाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. या खेळात त्याला जे जग मिळते ते मध्यापासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ठोकळे पसरलेले, आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर. आमच्या मुलीने आपल्या घरात सगळ्यांना स्वतंत्र खोली दिली आहे. दादीची खोली तळमजल्यावर, कारण गुडघे दुखतात. आमच्या खोलीत पुस्तकांची फळी आहे. हे पाहून दादींनी विचारले, “किराया कितना है?”

बी.एड.ला आम्ही पियाजे आणि वायगॉट्स्की वाचले, खेळ हे मुलाचे काम असते हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले. पुढे २००६ मध्ये रायन, रिग्बी आणि प्रिझबिल्स्की या संशोधकांनी व्हिडिओ गेमची ओढ तपासली, तेव्हा तीन गरजा पुढे आल्या: आपल्या मर्जीने काही करता येणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे, आणि कुणाशी तरी जोडलेले असणे. पहिल्या दोन वर आल्याच. तिसरीचे उदाहरण आमच्या घरात आहे. मुलीचा मामेभाऊ आखाती देशात वाढतो आहे. दोघांचे फोनवर बोलणे म्हणजे “कैसे हो”, “ठीक हूँ” आणि शांतता. या खेळात दोघांचे एक सामाईक जग आहे. शुक्रवारी तो गव्हाचे शेत बघतो, ती खाण. आता बोलणे संपत नाही. शेताचे गणितही त्यांनीच आम्हाला समजावले: पाण्याचा एक ठोकळा चारी बाजूंना चार-चार ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली ठेवतो, म्हणजे ९ गुणिले ९, त्यातून मधला पाण्याचा वजा, राहिले ८०. क्षेत्रफळाचा धडा आम्ही पुढच्या वर्षी इथूनच सुरू करणार आहोत. द्राक्षे मात्र या खेळात नाहीत. नाशिककरांनी ही तक्रार स्वीडनपर्यंत पोचवायला हवी.

ओढ खरी आहे म्हणूनच लगामही लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या रोगसूचीत घेतला आहे आणि ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मात्र तिथली व्याख्या नीट वाचावी. खेळण्यावर ताबा उरत नाही, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारणपणे वर्षभर चालते, तेव्हा तो विकार. सुट्टीत दोन तास ठोकळे रचणाऱ्या मुलाला नशेडी म्हणणे हा अन्याय आहे. आम्ही स्वतः काळजी घेतो ती दुसऱ्याच गोष्टींची: अनोळखी लोकांच्या खुल्या सर्व्हरवर जायचे नाही, आणि खेळातल्या दुकानात पैसे मोठ्यांना विचारल्याशिवाय खर्चायचे नाहीत.

वेळेच्या भांडणावर एक उपाय आमच्या घरी चालला. “पाच मिनिटांत बंद कर” हे वाक्य निरुपयोगी, कारण त्या जगात पाच मिनिटे म्हणजे पाव दिवस, आणि मूल भर रानात असू शकते. त्याऐवजी, “घरी पोच, पलंगावर झोप, मग बंद.” तीन लोकरी, तीन फळ्या, की पलंग होतो, त्यावर झोपले की रात्र सरते आणि मूल सुखरूप ठिकाणी असते. आपल्या एकट्याच्या जगातून बाहेर पडले, की ते जिथल्या तिथे थांबते. मगरिबची अजान झाली तर उठता येते, परत आल्यावर गहू तिथेच असतो. गटाने लढायच्या खेळांत मध्येच उठलो तर साथीदार चिडतात. इथे ती अडचण नाही.

एक गोष्ट राहिली. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेने मोजांगबरोबर ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम चालवला आहे. वस्तीतल्या लोकांना, विशेषतः मुलांना आणि बायकांना, माइनक्राफ्टसमोर बसवतात आणि विचारतात, ही मोकळी जागा कशी हवी? नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत हे झाले आणि मुंबईच्या गौतम नगरमध्येही. नकाशा वाचता न येणारी आजीसुद्धा ठोकळे पाहून सांगू शकते, की दिवा इथे नको, तिथे हवा.

हे ऐकून आमच्या मुलीने आणि गल्लीतल्या तिघांनी कोपऱ्यावरचा रिकामा तुकडा पावलांनी मोजला आणि खेळात उतरवला. चार बाक, एक कडुनिंब, क्रिकेटसाठी जाळी, दादींसाठी सावलीतला ओटा. पिण्याच्या पाण्याचे नळ दोन ठेवलेत. दोन कशाला, विचारले, तर म्हणाली, “एक तो बिगड़ेगा ही.”