चर्चगेटकडे झुकणारं झाड

बाळांनो, बोरिवलीच्या आयसी कॉलनीत एखाद्या आवारात घराच्याही वर गेलेलं ख्रिसमस ट्री दिसलं, तर जरा थांबा. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा आणि डोळ्यांसमोर धरून खोडाशी ताडून बघा. झाड कुक पाइनचं असेल तर खोड बहुधा कललेलं दिसेल, तेही चर्चगेटच्या, म्हणजे दक्षिणेच्या दिशेला! वाऱ्याने नव्हे हां. आपला पावसाळी वारा नैऋत्येचा. त्याने रेटलं असतं तर झाड ईशान्येला वाकलं असतं.

याचं माहेर पार पॅसिफिक महासागरात, न्यू कॅलेडोनियात. १७७४ साली कॅप्टन कुकचं ‘रेझोल्यूशन’ जहाज तिथे पोचलं, तेव्हा लांबून बेटावर उंचच उंच काहीतरी दिसलं. बाकीचे म्हणाले, झाडं. जहाजावरचे विद्वान म्हणाले, छे, दगडी खांब! जवळ गेल्यावर विद्वानांची जी फजिती झाली, ती मला फार आवडते. सुतारांनी मात्र लगेच कुऱ्हाडी काढल्या. लांबच्या सफरीत शिडांना, होड्यांना नव्या काठ्या लागतात. हे लाकूड हलकं आणि चिवट. कुक बेहद्द खूश झाला.

कलण्याचं कोडं मात्र अलीकडचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांतली २५६ झाडं मोजली होती. उत्तर गोलार्धातली दक्षिणेला झुकलेली, दक्षिणेतली उत्तरेला; म्हणजे विषुववृत्ताकडेच. सरासरी कल साडेआठ अंश, पिसाच्या मनोऱ्याच्या दुप्पट! एरवी सूचिपर्णी झाड कललं की खोडाच्या खालच्या बाजूला दाट लाकूड भरतं आणि स्वतःला वर रेटतं. याला ते का जमत नाही, याचा पक्का छडा शास्त्रज्ञांनाही लागलेला नाही. मला विचाराल तर उन्हाचीच ओढ.

हवाई बेटांवरचे कातारी याचे आणि याचा भाऊबंद असलेल्या नॉरफोक पाइनचे वाडगे करतात. फांद्या खोडाला एकाच उंचीवर गोलाकार फुटतात ना, नेमका तोच ओंडका ते लेथवर चढवतात. मग वाडग्याच्या कडेने गाठींचं कडं उमटतं. भिंत इतकी पातळ काततात की उजेडासमोर धरली तर लाकूड केशरी दिसतं. आमच्या सावंतवाडीच्या कारागिरांना असा ओंडका मिळाला तर काय बहार येईल!

आणि हो, नाताळ झाल्यावर कुंडीतलं रोप सोसायटीच्या आवारात लावणार असाल, तर दक्षिणेला मोकळी जागा सोडा. ६० मीटरपर्यंत वाढतं ते.