आयत्या बिळावर नागोबा

नागाला पाय नाहीत, नखं नाहीत, माती रेटत पुढे जाईल असं टणक टोकदार तोंडही नाही. त्याने बीळ खणावं तरी कशानं? म्हणीने हे अचूक हेरलंय. पण तिने त्याला फुकट्या ठरवलं, तिथे मला नागाची बाजू घ्यावीशी वाटते.

शेतातलं बीळ बहुतेकदा उंदराचं नाहीतर घुशीचं. शेतातली घूस उकरलेली माती तोंडाशी लोटून ढीग करते, आतल्या कप्प्यांत कणसं आणि लोंब्या साठवते, आणि आत असली की दार मातीने बुजवून घेते. नाग तिथे शिरतो तो आधी मालकिणीला खायला. घर रिकामं होतं ते त्यानंतर!

आणि घर कसलं! वैशाखात उघड्या रानात जमिनीची कातडी पन्नास अंशांपलीकडे तापते. पण माती उष्णता फार सावकाश खाली सोडते. वरची दुपार दहा-बारा सेंटिमीटर खाली पोचायला काही तास लागतात, तोवर तिचा जोर निम्म्याहून कमी झालेला असतो. हातभर खोल गेलं, की दिवस आणि रात्र यांत फरकच उरत नाही. शिवाय तिथे ओल टिकते. नागाची मादी एप्रिल ते जुलैमध्ये अंडी घालते. त्यांचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चिवट आणि मऊ असतं. उघड्यावर ती सुकून जातील. म्हणून बीळ किंवा वाळवीचं वारूळ. पिलं बाहेर येईपर्यंत दोनेक महिने मादी अंड्यांजवळच राहते.

सगळेच साप असे परावलंबी नसतात. सह्याद्रीतला खापरखवल्या स्वतःची वाट स्वतः पोखरतो. डोकं निमुळतं, शेपूट तिरकं कापल्यासारखं बोथट. मानेचा भाग कातडीच्या आतल्या आत वळवून तो माती बाजूला दाबतो, तिथेच पाचर मारल्यासारखा अडकून राहतो आणि मग डोकं पुढे घुसवतो. या कामाचे त्याचे स्नायू लालभडक असतात, कारण प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन त्यांत ठासून भरलेलं असतं.

नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याच सुमारास कितीतरी बिळांत अंडी फुटत असतात, आणि हातभरही नसलेली पिलं पहिल्याच दिवशी फणा काढून उभी राहतात.