परीक्षेची मुभा, पण यादीत नाव नाही : चंद्रमुखी बसू यांचा लढा

भारतातील पहिल्या दोन महिला पदवीधरांपैकी एक असलेल्या चंद्रमुखी बसू यांना एन्ट्रन्स परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र कोलकाता विद्यापीठाने २०१३ मध्ये दिले. ती परीक्षा त्यांनी १८७६ मध्ये दिली होती. प्रमाणपत्र मिळाले तेव्हा त्यांच्या निधनालाही अनेक दशके लोटली होती.

हा विलंब केवळ कारकुनी नव्हता. एन्ट्रन्स म्हणजे विद्यापीठीय शिक्षणाचा उंबरठा. पण विद्यापीठाच्या नियमांत महिला उमेदवारांची तरतूदच नव्हती. देहरादूनमधील बंगाली ख्रिस्ती कुटुंबातील चंद्रमुखी यांना परीक्षेला बसण्याची विशेष मुभा मिळाली. मात्र त्या उत्तीर्ण ठरल्या, तरी उत्तीर्णांच्या यादीत त्यांचे नाव झळकणार नव्हते. गुणवत्ता तपासली जाणार होती, परंतु तिला अधिकृत मान्यता मिळणार नव्हती.

या प्रकरणाने एक प्रश्न ऐरणीवर आणला : महिलांना परीक्षा देऊ देणे ही मेहेरबानी की त्यांचा हक्क? १८७८ मध्ये विद्यापीठाने आपल्या परीक्षा महिलांसाठी खुल्या केल्या. त्याच वर्षी कादंबिनी बसू (पुढे गांगुली) एन्ट्रन्स उत्तीर्ण झाल्या आणि त्यांच्यासाठी कोलकात्यातील बेथून शाळेत महाविद्यालयीन वर्ग सुरू झाला. चंद्रमुखी यांच्यापुढे मात्र आणखी एक अडसर होता. ही शाळा हिंदू मुलींपुरतीच मर्यादित असल्याने त्यांना आधी मिशनरी संस्थेत शिकावे लागले. पुढे तो निर्बंध सैल झाला आणि १८८३ च्या पदवीदान समारंभात दोघींनी एकत्रच बी.ए.ची पदवी स्वीकारली.

परीक्षेला बसू देणे आणि पदवी देणे यांतील हे अंतर केवळ भारतापुरते नव्हते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने महिलांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली, तर केंब्रिजने १९४८ मध्ये. तत्पूर्वी तेथील विद्यार्थिनी परीक्षा उत्तीर्ण होत, पण पदवीविनाच घरी परतत.

कादंबिनी वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. चंद्रमुखी यांनी अध्यापनाचा मार्ग निवडला. १८८४ मध्ये इंग्रजी विषयात एम.ए. होऊन त्या या विद्यापीठाच्या पहिल्या महिला एम.ए. ठरल्या. १८८६ मध्ये त्या बेथूनमध्ये अध्यापक म्हणून रुजू झाल्या. १८८८ मध्ये शाळेपासून महाविद्यालय वेगळे झाले, तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. ज्या संस्थेचे दार एकेकाळी त्यांना बंद होते, तिच्याच त्या प्राचार्या झाल्या. प्रकृतीच्या कारणास्तव १८९१ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि उर्वरित आयुष्य देहरादूनमध्ये व्यतीत केले.

प्राचार्यपदाची त्यांची कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची. पण आज निकालाच्या यादीत आपले नाव शोधणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीला जी गोष्ट स्वाभाविक वाटते, तिच्यामागे त्या यादीत कधीच न छापल्या गेलेल्या एका नावाचा इतिहास आहे.