शरीरस्वास्थ्यासाठी सायकल : थोडे अंतर, पण नित्य

पहाटेच्या प्रहरी पावाची टोपली सायकलीवर लादून गावभर फिरणारा पोदेर आणि त्याच्या रबरी भोंग्याचा आवाज गोमंतकात सर्वांच्याच परिचयाचा आहे. एके काळी पोस्टमन, शाळामास्तर, कार्यालयात जाणारा कारकून आणि बाजाराला निघालेला शेतकरी या सर्वांचेच सायकल हे वाहन होते. पुढे घरोघरी स्कूटर आणि मोटारसायकल आली. अंतरे जवळ आली, वेळ वाचला, ही गोष्ट खरीच. परंतु दररोज नकळत घडणारा व्यायामही त्याबरोबर नाहीसा झाला. आज पोटाचा घेर वाढलेला, जिना चढताना धाप लागणारा गृहस्थ हाती घेण्याजोगा सोपा व्यायाम शोधीत असतो. अशा वेळी अडगळीत पडलेल्या सायकलीकडे पुन्हा पाहणे अगत्याचे ठरते.

प्रश्न केवळ अंगकाठीचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे पाहणीत सर्वाधिक आढळले. दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक व्यक्तींना हा विकार असावा, ही बाब प्रत्येक कुटुंबाने गंभीरपणे घ्यावी अशीच आहे. मधुमेहाची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता आपल्या हाती नाही. पण आहार आणि शरीरश्रम ही दोन कारणे बव्हंशी ज्याच्या त्याच्या हाती आहेत.

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, एवढी किमान अपेक्षा आहे. ती पुरी करण्यासाठी मैदान किंवा व्यायामशाळा असलीच पाहिजे असे नाही. सपाट रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर गतीने सायकल चालविल्यास अर्ध्या तासात ६ किलोमीटर अंतर कापले जाते. ज्यांचे कार्यालय, शाळा किंवा बाजार घरापासून ३ किलोमीटरवर आहे, त्यांचा जाऊन-येऊन दिवसाचा व्यायाम पुरा होतो.

सायकलीचा आणखी एक गुण असा की, शरीराचा बराचसा भार सीटवर पेलला जातो. धावताना गुडघ्यांना बसणारे हिसके येथे बसत नाहीत. त्यामुळे वजन अधिक असलेल्या व्यक्तीलाही हा व्यायाम झेपतो. मांड्यांचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर इंधन म्हणून वापरतात. वजनाचा काटा हलण्यापूर्वीच हा लाभ सुरू होतो, हे मधुमेहाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होय.

आरंभीची तयारी

चाळिशी उलटलेल्या, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी प्रथम आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सायकल चालविताना साखर अवाजवी खाली जाऊ शकते. म्हणून खिशात थोडी साखर किंवा गोळ्या-बिस्किटे बाळगणे इष्ट. छातीत दुखणे, भोवळ येणे अथवा दम कोंडणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

सायकल महागडी असण्याची आवश्यकता नाही. ब्रेक पक्के, टायरांत पुरेशी हवा, साखळीला तेल आणि सीट योग्य उंचीवर, एवढे पाहावे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी; पॅडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला तर उंची बरोबर आहे असे समजावे. सीट फार खाली असल्यास गुडघे वाकलेलेच राहतात आणि दुखू लागतात. ‘सायकलीने गुडघे जातात’ या तक्रारीचे मूळ अनेकदा या लहानशा चुकीत असते. साडी नेसणाऱ्या महिलांनी मधला दांडा नसलेली आणि साखळी व मागचे चाक झाकलेली सायकल निवडावी.

बारा आठवड्यांचा क्रम

नव्या उत्साहात पहिल्याच दिवशी दहा-पंधरा किलोमीटर जाणारे बहुधा आठवड्याभरात सायकल पुन्हा अडगळीत टाकतात. अंग ठणकते, कंटाळा येतो आणि संकल्प मोडतो. श्रम पायरीपायरीने वाढविणे हेच या सरावाचे सूत्र आहे. बहुतेकांना झेपेल असा क्रम पुढे दिला आहे :

पहिला व दुसरा आठवडा : एक दिवसाआड, आठवड्यातून ३ दिवस, प्रत्येकी १५ मिनिटे.
तिसरा व चौथा : ४ दिवस, २० मिनिटे.
पाचवा व सहावा : ४ दिवस, २५ मिनिटे.
सातवा व आठवा : ५ दिवस, २५ मिनिटे.
नववा व दहावा : ५ दिवस, ३० मिनिटे.
अकरावा व बारावा : ४ दिवस ३० मिनिटे आणि सुटीच्या दिवशी ४५ मिनिटे.

नवव्या आठवड्यात १५० मिनिटांचा टप्पा गाठला जातो. एखादी पायरी जड वाटल्यास तीच आणखी आठवडाभर चालू ठेवावी. त्यात कमीपणा मानू नये. आजारपणामुळे खंड पडल्यास एक पायरी मागे येऊन पुन्हा आरंभ करावा.

श्रमाचे माप ओळखण्यास यंत्र लागत नाही. सायकल चालविताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची खूण. पहिली व शेवटची पाच मिनिटे संथ गती ठेवावी. नदीकाठच्या गावातून सड्यावर चढताना धाप लागली तर उतरून सायकल हाती धरून चालावे. तोही व्यायामच आहे. आरंभी सपाट रस्ता बरा. दिवाडी व चोडण बेटांवरील किंवा खाजन शेतीलगतचे कमी रहदारीचे रस्ते यासाठी सोयीचे आहेत.

वजनाचा हिशेब

केवळ सायकल चालवून वजन झपाट्याने उतरेल, अशी अपेक्षा धरणाऱ्यांची निराशा होते. म्हणून हिशेब आधीच समजून घेतलेला बरा. ७० किलो वजनाची व्यक्ती संथ गतीने अर्धा तास सायकल चालविते तेव्हा सुमारे १४० उष्मांक खर्च होतात. पाच दिवसांचे झाले ७००. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. म्हणजे एवढ्यावरच विसंबल्यास एक किलो उतरावयास अकरा आठवडे लागावेत.

आता चहाकडे पाहावे. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरल्यास पोटात ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक जातात. अर्ध्या तासाच्या श्रमाने जे कमावले ते चार कपांत संपते! हीच साखर सोडली तर आठवड्याला ११२० उष्मांक वाचतात. सायकलीचे ७०० त्यात मिळविल्यास तेच एक किलो सुमारे महिनाभरात उतरू शकते. प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार यात फरक पडेल; पण रस्ता आणि ताट यांची सांगड घातल्याविना वजन उतरत नाही, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. उपाशी राहण्याचे मात्र कारण नाही. शीत-कढी सोडावी लागत नाही. भाताची एक वाढ कमी करून तिच्या जागी भाजी, उसळ किंवा न तळलेली मासळी घेतली तरी पुरे.

वजन रोज पाहू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी, ठरावीक वेळी पाहावे. कमरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. काटा स्थिर असतानाही घेर कमी होणे, चढण न उतरता पार होणे, झोप शांत लागणे ही प्रगतीचीच चिन्हे होत.

ऊन, पाऊस आणि रहदारी

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठपूर्वीच फेरी आटोपावी आणि सोबत पाणी ठेवावे. जागतिक सायकल दिन ३ जून रोजी येतो आणि गोमंतकात पाऊसही त्याच सुमारास दाराशी उभा असतो. चाकाची कड ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. म्हणून पावसात गती कमी व पुढील वाहनापासून अंतर अधिक राखावे. मुसळधार पावसाच्या दिवशी घरात सूर्यनमस्कार किंवा जिन्याची चढउतार करावी, म्हणजे नेम मोडत नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने, एका रांगेत जावे. अंधारात पुढे दिवा व मागे लाल परावर्तक असावा. सायकलस्वारावर कायद्याचे बंधन नसले तरी डोक्याच्या रक्षणासाठी हेल्मेट घालावे.

गावाने साथ दिली तर हा नेम टिकणे सोपे जाते. शाळेत व पंचायत कार्यालयात सायकली ठेवण्यास छपराखाली जागा असली, शिक्षक स्वतः सायकलीवरून शाळेत येऊ लागले, चार शेजाऱ्यांनी मिळून रविवारची फेरी ठरविली, तर एकट्याचा संकल्प चौघांचा होतो. यासाठी मोठा निधी लागत नाही. घरातील सायकल पुसून, हवा भरून उद्या सकाळी पंधरा मिनिटांसाठी बाहेर काढावी, एवढाच आरंभ पुरेसा आहे.