26 जून आणि रुपयाचा भाव

26 जूनला कसबा बावड्यात लक्ष्मी-विलास पॅलेसकडे माणसांची रीघ लागते. 1874 साली याच दिवशी राजर्षी शाहू महाराज तिथं जन्मले. त्या वर्षी इंग्लंडचा एक पौंड घ्यायला साधारण 11 रुपये मोजावे लागत. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. त्यामुळे चांदी उतरली की रुपयाही उतरायचा. जर्मनीनं सोन्याचं चलन स्वीकारून आपली चांदी विकायला काढली, अमेरिकेतल्या खाणींनी त्यात भर घातली आणि रुपया घरंगळत गेला. हिंदुस्थान सरकारला विलायतेतली पेन्शनं नि व्याज पौंडात भागवावी लागत. म्हणजे लंडनच्या बाजारात चांदी पडली की भार इथल्या रयतेवर!

तोवर कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. सरकारनं कायदा करून ती बंद केली. कधी? 26 जून 1893 रोजी, महाराजांच्या एकोणिसाव्या वाढदिवशी! तरी घसरण लगेच थांबली नाही. 2 एप्रिल 1894 ला महाराज गादीवर बसले, त्या आर्थिक वर्षात पौंड 18 रुपयांच्याही वर गेला.

1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, तेव्हा दर 15 रुपयांवर स्थिर झाला होता. हिशोबाला किती सोपा! त्या सोहळ्याची मूळ तारीखही 26 जूनच. ऐन वेळी राजा आजारी पडला आणि सोहळा ऑगस्टवर गेला. दरम्यान 26 जुलैला करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला, तेव्हा महाराज परदेशातच होते. माझ्या लेखी त्या वर्षाची खरी कमाई हा हुकूम.

पहिल्या महायुद्धानं चांदी महाग केली. 1920 च्या सुरुवातीला पौंड चक्क आठ रुपयांच्या खाली आला आणि वर्षभरात पुन्हा 15 रुपयांच्या पलीकडे पोचला. एका राजाच्या हयातीत पौंडानं एवढे हेलकावे खाल्ले!

बावड्याच्या शेजारी, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर याहून जुना व्यवहार सापडतो. सातवाहनकाळातली ‘कुर’ नाणी, त्यांवर धनुष्यबाण. नवा राजा आला की जुन्याच नाण्यावर आपला ठसा ठोकायचा! कुठला ठसा वर आणि कुठला खाली हे पाहूनच अभ्यासकांनी विळिवायकुर, शिवलकुर या राजांचा क्रम लावला. याच टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्तीही निघाली. रोमन जगाशी इथला व्यापार होता, त्याची ती साक्ष.

विनिमयाचा दर दगडात कोरलेला पाहायचा असेल, तर नाशिकची पांडवलेणी गाठा. नहपानाचा जावई ऋषभदत्त आपल्या दानाचा हिशोब लिहितो: 70 हजार कार्षापण, 35 कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणून 2 हजार सुवर्ण. गुणाकार करून बघा, चोख आहे.

मराठवाड्यातल्या थोरल्यांना निजामाचा हाली सिक्का आठवत असेल. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. बाजारात वावरणाऱ्याला हे गणित तोंडपाठ ठेवावंच लागे.

आपल्या शेजारच्या गोव्यात तर मुक्तीनंतर एस्कुडो मोडून रुपये घ्यावे लागले, सहा एस्कुडोला एक रुपया.

आणि ही गोष्ट मला फार आवडते: कुवेत, बहारीन, कतारमध्ये एकेकाळी आपला रुपयाच चाले. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. कुवेतनं 1961 मध्ये स्वतःचा दिनार आणला. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला, तेव्हा बहुतेक उरलेल्यांनीही रुपया सोडला.

आज मुलाकडे परदेशी जाऊन आलेल्या बावड्यातल्या आजी-आजोबांसाठी कामाची माहिती. उरलेलं परकीय चलन 2,000 डॉलरपर्यंत घरात ठेवता येतं, त्यावरचं परतल्यापासून 180 दिवसांत बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्यायचं. नाण्यांना मात्र मर्यादा नाही, हवी तेवढी ठेवा. मोडायला नेलीत तर मनी चेंजर सहसा घेत नाहीत, तेव्हा चिल्लर तिकडच्या विमानतळावरच चहा-कॉफीत संपवून या.